तुमच्या फोटोवरची डबी

बाबा, घरात एसी आलाय. तुम्ही असता तर पहिल्याच दुपारी उठून बंद केला असता आणि मी पुन्हा फुगून बसले असते.

माय आता पलंगावरच असते. लकवा मारल्यापासून तिच्या डाव्या अंगाला ना ऊन कळत ना गारवा. गेल्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं, मरता मरता वाचली. म्हणून यंदा मी लांबलचक रजा टाकून केनवडला येऊन राहिले आणि एसी घेतला. सोबत भिंतीवर लावायची थर्मोस्टॅटची डबी. तिच्यात वेळा नि अंश भरून ठेवायचे. खोली सत्तावीसवर आली की एसी आपोआप थांबतो. थांबायला हवा. तो थांबेचना! मायचे हात गार पडलेले आणि डबी सांगतेय, तेहतीस. सेल बदलले, सकाळ-संध्याकाळच्या वेळांची अदलाबदल झाली का ते पाहिलं, सगळं पुसून नव्यानं भरलं. मायला खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, गारव्यापासून जपा. एसी बंद करावा तर स्लॅबखाली नुसती भट्टी. मला कुठंच चैन पडेना. येता-जाता डबीपुढे उभी राहून तिलाच शिव्या घालायची.

"कोनासंग भांडून राह्यली वं?" माय विचारायची.

"या डबीसंग."

तुमचा तो कूलर सारखा आठवायचा. मी दहावीत आहे. तुम्ही वावरातून येऊन मायच्या पलंगाशी फरशीवर आडवे झालात. कूलर घरघरतोय, माझा नुकता डोळा लागतोय, आणि तुम्ही उठून खट्‌कन बटण बंद करता. "काहून बंद केला, बाबा?" मी चिडून विचारते. "तुह्या मायचे पाय पाह्य, बरफ झाले. कूलरले काय समजते?" तेव्हा मायचे सांधे वातानं धरलेले असायचे, आणि तुम्ही झोपेतही हात लांब करून तिचे तळवे चाचपायचात. मला मात्र तुमचा रागच यायचा.

मग भावकीतली एक म्हातारी गेली. सुतक लागलं, घरातले पूजेचे दिवे बंद. आणि एसी एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. मला वाटलं, माझ्या शिव्या लागू पडल्या. सुतक फिटलं, मायनं तुमच्या फोटोपुढचा दिवा लावायला सांगितला, आणि दुपारी डबी पुन्हा तेहतीसवर! तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. डबी मीच तुमच्या फोटोच्या वर लावून घेतली होती, वायर तिथून जवळ पडत होती म्हणून. खाली तुमचा दिवा, वर ती. दिव्याची ऊब लागली की तिला वाटायचं, सगळी खोलीच तापलीय.

"फोटो पलीकडच्या भिंतीवर लावते," मी मायला म्हटलं.

"त्याहीले हलवू नको. तुही डबी हलव. मान न वळवता दिसतेत ते मले इथून."

रिसोडहून मिस्त्री बोलावला. डबी पलीकडच्या भिंतीवर गेली, तुम्ही जिथल्या तिथं.

आता सगळं बरोबर चालतं. सत्तावीस म्हणजे सत्तावीस. खोकला उतरला. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. जेवणं झाली की मी फरशीवर आडवी होते, तुमच्याच जागी, आणि थोड्या थोड्या वेळानं हात लांब करून मायचे तळवे चाचपते. डाव्या पायाला हात लावला तर तिला कळतही नाही. काल उजवा चाचपला. चांगला ऊबदार होता.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "बंद केला काय जी कूलर?"

मला ती 'जी' म्हणत नाही, बाबा. आयुष्यात एकाच माणसाला म्हणाली.

हे लिहून पाठवू तरी कुठं? तरी सांगून टाकते. मी आवाज जाड करून, तुमच्यासारखं, "हूं" म्हटलं. एसी चालूच होता.