न थांबता हित्रापर्यंत

हित्रा, ११ जानेवारी

चि. टोरग्रिम यास,
योरुनताईचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, वाईट काही घडलेलं नाही. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरंय’ यापलीकडे जात नाहीस, आणि माझं कानातलं यंत्र तेवढंही गिळून टाकतं. म्हणून म्हटलं, आपण आपलं कागदावर बोलावं. टपाल आता दिवसाआड येतं, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर टपालावर ढकलायची सोय तुलाही आहे.

तुझ्या राग्नाला देवाघरी जाऊन या आठवड्यात दोन महिने होतील. नाताळात तू येशील म्हणून मी वरची खोली तापवून ठेवली होती. मटणाच्या फासळ्या भिजत घातल्या होत्या, त्या शेवटी शेजारच्या सिग्वेने खाल्ल्या. तो सॅल्मन माशांच्या जाळ्यांवर काम करतो, त्याला कितीही वाढलं तरी पुरत नाही. तुझा आयविंदही स्टावांगरहून फोनवर सांगत होता, बाबा आमच्याकडेही येत नाहीत, विचारलं की म्हणतात नवी गाडी येऊ दे. मलाही तू तेच म्हणालास. अरे, रोरोसहून ट्रॉन्डहाइमला आगगाडी आहे, पुढे बस आहे. माझ्या दारापासून तीनशे पावलांवर थांबते. तुझ्या त्या विजेच्या गाडीची मोठी बहीण जन्माला येईपर्यंत तुझ्या खऱ्या मोठ्या बहिणीने थांबायचं का?

जेवतोस ना नीट? नुसत्या पावावर तपकिरी चीज घालून दिवस काढू नकोस.

उत्तर दे. लोभ आहेच, तो कागदावर दिसू दे.

तुझी,
योरुनताई

*

रोरोस, २० जानेवारी

ती. योरुनताईस,
टोरग्रिमचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इथे उणे तेहतीस आहे. मी जेवतो. शेजारपाजारचे लोक अजून डबे आणून देतात. डब्यांवर नावं आहेत. धुऊन परत करतो.

गाडीचं तू विचारलंस म्हणून सांगतो. आताची आमची गाडी उन्हाळ्यात एकशेसाठ किलोमीटर जाते आणि अशा थंडीत जेमतेम सव्वाशे. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत अंतर दोनशे सत्तावन्न आहे. नगरपालिकेत रस्ते मोजण्यात माझा जन्म गेला, आकड्यात चूक नाही. म्हणजे वाटेत थांबावंच लागतं. नव्या गाडीची बॅटरी नव्या प्रकारची आहे. चारशे तीस सांगतात. थंडीत तीनशे धरू. म्हणजे न थांबता पोहोचता येतं. लांब पल्ल्याच्या गाड्या आधीही होत्या, पण आमच्यासारख्यांना परवडतील अशा नव्हत्या. ही पहिलीच. ऑगस्टमध्ये राग्नानेच नाव नोंदवलं होतं. मार्चमध्ये येईल.

तू विचारशील कसा आहेस म्हणून, आधीच लिहितो. काही होत नाही. रडू येत नाही, झोप येते. सकाळी कॉफीला दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो, तेव्हाही काही होत नाही. गाडीचं माहितीपत्रक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. ते वाचतो.

आगगाडीने यायची इच्छा नाही. रागावू नकोस.

तुझ्या प्रकृतीला जप. माया राहू दे.

तुझा,
टोरग्रिम

*

हित्रा, २ मार्च

चि. टोरग्रिम यास,
योरुनताईचे अ. उ. आ.

हे पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षर वाईट आलं तर रागाला नावं ठेव, वयाला नको.

गेल्या मंगळवारी अंगणात बर्फावरून पाय सरकला. डावं मनगट मोडलं. तासभर तिथेच पडून होते. दोन हरणं कुंपणाशी येऊन माझ्याकडे बघून गेली. शेवटी सिग्वे कामावरून परतला, त्याने उचललं. आता हाताला प्लास्टर आहे आणि सकाळी एक परिचारिका येऊन माझे मोजे चढवून जाते. पंचाहत्तर वर्षांची झाले, आता परकी बाई पायात मोजे घालते.

आयविंदने तुला हे त्याच दिवशी कळवलं, मला माहीत आहे. आणि तू त्याला विचारलंस की डावा की उजवा. त्याने डावा सांगितलं. तू म्हणालास, बरंय. बस, एवढंच! टोरग्रिम, लहानपणी तू तळ्यातल्या बर्फातून आत गेला होतास तेव्हा डावा पाय की उजवा असं मी विचारत बसले नव्हते.

तुला दुःख आहे हे मला समजतं. पण तू राग्नासाठी रडत नाहीस, तिच्याबद्दल बोलत नाहीस, नुसता गाडीचे किलोमीटर मोजतोस. मला एकदाच खरं सांग. ती गाडी आली नाही तर तू कधीच येणार नाहीस का?

रागावले म्हणून माया आटत नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
योरुनताई

*

रोरोस, १० मार्च

ती. योरुनताईस,
सा. न. वि. वि.

तुझा राग बरोबर आहे. मनगट उजवं असतं तर तू लिहू शकली नसतीस, म्हणून विचारलं होतं. ते सांगायचं सुचलं नाही.

गाडी मार्चमध्ये येत नाही. विक्रेतीचा फोन आला होता. फार वेळा माफी मागत होती. आता सप्टेंबर म्हणतात. मी म्हणालो, बरंय. तिला वाटलं मी चिडलोय, म्हणून तिने परत माफी मागितली.

खरं सांग म्हणालीस, म्हणून सांगतो. हे आयविंदला माहीत नाही.

नोव्हेंबरात आम्ही तुझ्या वाढदिवसाला निघालो त्या दिवशी थंडी होती. वाटेत स्टोरेनला पोहोचेपर्यंत बॅटरी नऊ टक्के उरली. तिथे चार्जिंगला थांबलो. चाळीस मिनिटं लागली. मी मध्ये दुकानात जाऊन सॉसेज घेऊन आलो. राग्नाने तिचं अर्धंच खाल्लं. मग निघालो. मेलहुसच्या पुढे मी तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं नाही. मला वाटलं झोपली. तिचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

ट्रॉन्डहाइमचं इस्पितळ तिथून वीस किलोमीटरवर होतं. मी नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या झटक्यात एकेक मिनिट मोलाचं असतं, कधी सुरू झालं ते सांगा. मला सांगता आलं नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

हिशोब साधा आहे. थांबलो नसतो तर ज्या वेळी मी सॉसेजच्या रांगेत होतो त्या वेळी आम्ही शहराच्या वेशीवर असतो. चाळीस मिनिटं. त्या जागी मी पुन्हा थांबू शकत नाही. आगगाडीही स्टोरेनलाच थांबते. खिडकीतून ती जागा दिसते का ते माहीत नाही, पण दिसत असेल तर?

म्हणून गाडीची वाट बघतो. दुसरं काही नाही.

हाताला जप. तुझी माया कमी करू नकोस.

तुझा,
टोरग्रिम

*

हित्रा, १९ मार्च

चि. टोरग्रिम यास,
योरुनताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. आज पूर्ण करूनच उठणार.

तू सॉसेज आणायला गेलास तेव्हा राग्नाने मला फोन केला होता. स्टोरेनहून, गाडीतून. मी हे तुला इस्पितळात सांगितलं नाही, चर्चमध्ये सांगितलं नाही, आणि तू ते पत्र लिहिलं नसतंस तर मरेपर्यंत सांगितलं नसतं.

ती म्हणाली, आम्हाला उशीर होतोय, केक कापू नका. मग म्हणाली, वन्सं, माझा डावा हात झोपलाय, आणि जीभ अशी जड झालीये जणू दाताच्या डॉक्टरकडून आलेय. आणि हसली. मीही हसले. मी तिला सांगितलं, अगं, थंडीने होतं असं, हातमोजे घाल आणि हात चोळ. ती म्हणाली, टोरग्रिमला बोलू नका, उगाच गाडी वळवेल आणि तुमचा वाढदिवस बुडेल. मी म्हटलं, नाही बोलत. आणि फोन ठेवून फुलं पाण्यात ठेवायला गेले.

हातमोजे घाल म्हणाले मी! मी कोण डॉक्टर? पण आपल्या मामालाही असंच झालं होतं, मी समोर होते. मला कळायला हवं होतं. तू रांगेत होतास, तुला काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक मला होतं. त्या चाळीस मिनिटांत इस्पितळाला फोन करू शकणारी एकच बाई होती, आणि ती फुलं लावत होती.

तुला मी ये ये म्हणत राहिले ते मायेने होतंच, पण तू आलास की तोंडावर सांगेन असंही मनात होतं. आणि तू येत नव्हतास तेव्हा सुटल्यासारखंही वाटायचं. आता दोन्ही लिहून टाकलं.

तुला मला तोडायचं असेल तर तोड. मी लोभ मागत नाही, या वेळी मागायचा हक्क नाही.

योरुन

*

रोरोस, २ एप्रिल

ती. योरुनताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अर्धा दिवस तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दुःख करायचाही केला. तेही जमलं नाही. बाहेर जाऊन पायऱ्यांवरचा बर्फ काढला, शेजारच्यांचाही काढला.

एकच विचारायचं आहे. ती खरंच हसली होती का? मी दुकानातून परत आलो तेव्हा ती समोर बघत होती. त्याआधीचं मला माहीत नाही.

नावापुढचं ताई काढू नकोस. विचित्र दिसतं.

टोरग्रिम

*

हित्रा, ९ एप्रिल

चि. टोरग्रिम यास,
ताईचे अ. उ. आ.

हो रे बाबा, हसली होती. खळखळून. मला म्हणाली, तुमचा भाऊ बघा वन्सं, दुकानात जाताना तीनदा मागे वळून चार्जिंगचा आकडा बघून गेला, इतक्या वेळा तर लग्नात माझ्याकडे बघितलं नव्हतं. हेच तिचे शब्द. एकही माझ्या पदरचा नाही.

प्लास्टर निघालं. मोजे माझे मी घालते. गाडी येईल तेव्हा ये, आता घाई करत नाही. एकमेकांसमोर यायला आपल्या दोघांनाही ती गाडी लागणार असं दिसतं.

माया आहे तेवढी सगळी तुझीच.

योरुनताई

*

रोरोस, २९ सप्टेंबर

ती. योरुनताईस,
टोरग्रिमचा सा. न. वि. वि.

सुखरूप घरी पोहोचलो. कालच फोन करणार होतो, पण कागदावर बरं पडतं.

नवी गाडी घेऊन तुझ्याकडे आलो तेव्हा तू अंगणात उभी होतीस आणि मी बराच वेळ गाडीतून उतरलो नाही. तू शेजारच्या सीटवर येऊन बसलीस आणि म्हणालीस, सीट बरी आहे. त्याबद्दल आभार मानायचे राहिले. पाच दिवसांतले तीन मी झोपलो. खेकडे तुला एकटीलाच सोलावे लागले. त्याबद्दलही.

तुझ्याकडे येताना मी थांबलो नव्हतो. स्टोरेनवरून गेलो तेव्हा बॅटरी अडुसष्ट टक्के होती. ताशी ऐंशीच्या वेगाने ती जागा गेली. मला वाटलं होतं त्या क्षणी काहीतरी होईल. दहा महिने त्याचीच वाट बघितली होती. काही झालं नाही. तुझ्याकडे पोहोचलो तेव्हा सत्तावीस टक्के उरली होती, आणि मला कळेना की एवढी उरलेली घेऊन आता करायचं काय. म्हणून उतरत नव्हतो.

परतताना गाडी तुझ्याकडे पूर्ण चार्ज केलेली होती. स्टोरेनला बासष्ट टक्के होती. थांबायची गरज नव्हती. मी थांबलो. त्याच जागेवर लावली, दुकानाच्या बाजूने तिसरी. तार जोडली नाही. नुसता बसलो. पाऊस पडत होता. दुकानात रांग होती. किती वेळ बसलो ते बघितलं नाही. मला वेळ न बघायची सवय नाही, तरी बघितला नाही. तिचं हसणं ऐकू येतं का ते बघत होतो. थोडं आलं. तुझ्या अक्षरात आलं, तिच्या आवाजात नाही, पण आलं.

मग कुणीतरी काचेवर टकटक केली. एक तरुण बाई होती, मागच्या सीटवर दोन मुलं, जुनी छोटी गाडी, आमच्या आधीच्या गाडीसारखीच. बाकी सगळ्या जागा भरल्या होत्या. तिने तार न लावलेली बघितली असणार. तरी पावसात उभी राहून एवढंच विचारलं की तुमचं झालं का, माझ्याकडे चारच टक्के उरलेत.

मी म्हणालो, हो, झालं. आणि जागा मोकळी करून दिली.

थंडी सुरू होतेय, अंगणात वाळू टाकून घे. माया राहू दे, इकडूनही आहे.

तुझा,
टोरग्रिम