यंदाचे दहा उत्कृष्ट अभिनय आणि ऐकणारं एक माणूस

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.

वर्ष संपायला दोन महिने उरले. वर्षातल्या दहा उत्कृष्ट अभिनयांची माझी यादी एकतीस डिसेंबरला जाहीर होईल. यंदाचं सोळावं वर्ष. संकल्प असे: राहिलेले चौदा सिनेमे थिएटरात जाऊन बघणे. सिनेमात न झोपणे. यादी पंधरा डिसेंबरपर्यंत पक्की करणे. कुणी काहीही बोललं तरी डोकं शांत ठेवणे.

पंधरा वर्षांत ही यादी शेवटपर्यंत एकाही माणसाने ऐकलेली नाही. इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहितो. मी वही उघडली की मुलगी अभ्यासाला बसायची. एरवी तिला अभ्यासाला बसवायला तासभर लागायचा. बायको तर सरळ भांडायची. ह्याला कुठे रडता येतं, ती बाई नुसता ठोकळा आहे, आणि तुम्ही तर झोपला होतात, असं सगळं. पण उन्हाळ्यापासून चमत्कार झालाय. बायको ऐकायला लागली आहे! टीव्ही बंद करते, समोर येऊन बसते, नजर माझ्या चेहऱ्यावरून हलवत नाही. मध्ये एक शब्द बोलत नाही. मी थांबलो की हसून मान हलवते. सव्वीस वर्षांच्या संसारात अखेर तिची अभिरुची तयार झाली. यंदा यादीला पहिला पूर्ण श्रोता मिळणार. मला दुसरं काही नको.

५ नोव्हेंबर. दुकानात, गिऱ्हाईक नसताना.

चष्म्याच्या दुकानात एकवीस वर्षं लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावतोय. चेहरे वाचण्याची सवय इथलीच. आज एक ड्रायव्हर आला. तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. मला लगेच खटकलं. डोळे हलतच नव्हते. मी काही न बोलता तक्ता उलटा टांगला. तरी पठ्ठ्याने तोच म्हणून दाखवला.

मालक म्हणाले, मानलं बुवा तुम्हाला. इंटरव्हल म्हणाला, ह्यात काय एवढं. (इंटरव्हल म्हणजे पलीकडच्या काउंटरवरचा सहकारी. कुठलाही सिनेमा अर्धाच बघतो, म्हणून हे नाव मीच ठेवलंय.) जळतो माझ्यावर. माझ्यासमोर कुणी सोंग आणलं की मिनिटात पकडतो, ह्याला मी काय करू?

९ नोव्हेंबर, रविवार.

दुपारचा खेळ. झोपलो नाही. डोळे मिटून संवादफेक ऐकत होतो. शेजारच्या माणसाने दोनदा कोपर मारलं, ते घोरण्यामुळे असं त्याचं म्हणणं. वाद घातला नाही. डोकं शांत.

अंधारात वहीत टिपणं काढली होती. घरी येऊन बघतो तर ओळीवर ओळ. ‘अप्रतिम’ आणि ‘असह्य’ एकाच जागी लिहिलंय. कुणाला काय ते आठवेना. अप्रतिम खलनायकाला देऊन टाकलं. राहिले तेरा.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.

बायकोला घेऊन गेलो. परभाषेतला सिनेमा, खाली ओळी येणारा. हल्ली तिला असलेच सिनेमे आवडतात. पूर्वी म्हणायची, वाचायचंच असेल तर घरी बसून वाचीन. किती फरक पडला माणसात!

गोष्ट एका बाईची. तिला हळूहळू ऐकू येईनासं होतं आणि ती ते घरात लपवते. समोरच्याच्या ओठांकडे बघत राहते. दोन माणसं एकदम बोलायला लागली की उठून आत जाते. विनोदावर सगळ्यांच्या मागून हसते. ह्या बारकाव्यांना साधा प्रेक्षक फसतो. मी टिपून घेतले, ह्या वेळी एकाखाली एक.

बायको इंटरव्हलच्या आधीच रडायला लागली. म्हणजे मध्यंतराच्या आधी. तिथे रडण्यासारखं काही नव्हतं. नवरा पेपर वाचतोय आणि बाई त्याच्या पाठीशी उभी आहे, एवढाच प्रसंग. मी कुजबुजलो की रडायची जागा पुढे येईल, आत्ताच संपवू नकोस. तिने माझा हात धरला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. त्यामुळे उत्तरार्धाची टिपणं राहिली.

१७ नोव्हेंबर.

त्या बाईला सहावा क्रमांक दिला. काम चोख आहे, पण पटत नाही. आठ महिने नवऱ्याला पत्ता लागत नाही म्हणजे काय? एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात. नवरा आहे की खांब? लेखकाने जरा तरी विचार करायला हवा होता. त्या नवऱ्याचं काम करणाऱ्याला ‘वर्षातलं सर्वांत न पटणारं पात्र’ असा खास उल्लेख देणार.

२५ नोव्हेंबर.

राहिले बारा. तिकिटं मिळत नाहीत, म्हणजे मी काढत नाही. पाठ धरली आहे. आठ सिनेमांच्या जाहिराती मोबाईलवर बघितल्या. जाणकाराला दोन मिनिटं पुरतात. पाचवा क्रमांक त्यातूनच निघाला. तो नट जाहिरातीत फक्त जिना चढतो, पण काय चढतो!

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.

रंगीत तालीम म्हणून बायकोला खालचे पाच क्रमांक वाचून दाखवले. तास लागला. ती जिवाचा कान करून ऐकत होती. दाराची बेल तीनदा वाजली, तिन्ही वेळा मलाच उठावं लागलं. ही जागची हलली नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं, टायमर कोकलत होता, तरी हिचं लक्ष माझ्यावरच. इतकी एकाग्रता मी थिएटरातही पाहिलेली नाही. फक्त नववा क्रमांक, मुलाच्या प्रेतापाशी बसलेला बाप, तिथे ती छान हसली. त्यावर विचार केला. शोकाच्या तळाशी एक विसंगती असते, ती तिला दिसली असावी. मलासुद्धा सुचलं नव्हतं. टिपून ठेवलं.

तिला विचारलं, कशी वाटली? तिने मान हलवली. बस, आणखी काय पाहिजे?

४ डिसेंबर.

डबा घरी विसरलो होतो. बायको दुकानात घेऊन आली. मालकांशी दोन मिनिटं बोलली आणि गेली. ती गेल्यावर मालकांनी विचारलं, वहिनींना ऐकायला कमी येतं का हो? मी चेष्टा समजून हसलो. ते म्हणाले, उजवा कान पुढे करून बोलत होत्या. मी पाठमोरा होऊन नमस्कार सांगा म्हणालो, तर वहिनींना कळलंच नाही. मी त्यांना एकाग्र श्रोत्याची लक्षणं समजावून सांगितली. मालक बरं म्हणाले आणि एकच काच बराच वेळ पुसत बसले. माणूस चांगला आहे, पण अभिनयातलं आणि माणसांतलं त्यांना फारसं कळत नाही.

इंटरव्हलने माझ्याकडे बघितलं फक्त. ते मला आवडलं नाही.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.

मुलीचा फोन. ती नोकरीच्या गावी असते. म्हणाली, बाबा, आईसाठी कानाच्या डॉक्टरांची तेरा तारखेची वेळ घेतली आहे, तुम्ही सोबत जा. मी विचारलं, कानाला काय झालं? ती म्हणाली, तुम्हाला माहीत नाही? ऑगस्टमध्ये ती घरी आली होती, तेव्हाच पहिल्या दिवशी तिच्या लक्षात आलं. शेजारच्या काकूंना माहीत आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला माहीत आहे, तो आईला बोट दाखवून भाव सांगतो.

बेकरीवाल्याला!

मी म्हणालो, हो हो, मलाही शंका होतीच. मुलगी बरं म्हणाली. अगदी तिच्या आईसारखं.

८ डिसेंबर.

आज दुकानात गेलो नाही. बायकोच्या समोर बसलो आणि सावकाश विचारलं, मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, सांगितलं होतं की. जूनमध्ये. तुम्ही सिनेमा बघत होतात. शेवट झाल्यावर बोलू म्हणालात. मग शेवट झाल्यावर तुम्ही शेवटाबद्दलच बोलत राहिलात.

मी विचारलं, मग मान का हलवायचीस? म्हणाली, तुम्ही किती खुशीत असायचात. दोनदा थांबवून विचारलं, काय म्हणालात म्हणून, तर तुमचं तोंड एवढंसं झालं. मग नाही विचारलं. तोंड बघून अंदाज यायचा, आता मान हलवायची, आता हसायचं. कधीकधी चुकायचं, म्हणाली. सॉरी म्हणाली. ती मला!

कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सहा महिने माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर बसून हिने काम केलं आणि मी वहीत जिना चढणाऱ्याचं कौतुक लिहीत होतो. फार वाईट वाटलं. दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी थोडं गेलं.

यादीत दुरुस्ती: सहावीला पहिला क्रमांक. नवऱ्याचा खास उल्लेख रद्द. पात्र पटण्यासारखं आहे.

१३ डिसेंबर.

कानाचा दवाखाना. बायकोला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर. डॉक्टरीणबाई आवाज पाठवत होत्या आणि बायको बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होती. किती वेळ नुसती वाट बघत होती. मला तिथे बसवेना.

बाई म्हणाल्या, डावा कान बराच गेलाय, उजवा निम्मा. मशीनने खूप फरक पडेल. इतके दिवस चेहरे वाचून निभावलंय ह्यांनी, कमाल आहे. घरात कुणाला कळलं नाही? बायको पटकन म्हणाली, ह्यांनीच तर आणलंय मला.

ह्या वाक्यात कुठेही खोट दिसली नाही. मी मुद्दाम बघत होतो.

२० डिसेंबर. दुपारी ३.

मशीन आलं. शेंगदाण्याएवढं, केसांत दिसतही नाही. कानात घातल्यावर बायको पाच मिनिटं नुसती उभी होती. मग घरभर फिरली. फ्रिज वाजतो म्हणाली. चप्पल वाजते म्हणाली. मोरीतला नळ ठिबकतोय, कधीपासून? मी म्हणालो, मेपासून असेल. मग दुरुस्त का नाही केला, असं विचारलं. तुम्ही चहा एवढा आवाज करत पिता का, हेही विचारलं. मग खिडकीशी जाऊन रस्त्यावरची मुलं ओरडतात ते ऐकत बसली आणि रडली. मीही रडलो. माझं जरा जास्तच झालं असावं, कारण तिने विचारलं, बरं आहे ना?

नवे संकल्प: तिच्याशी समोरून बोलणे. ती बोलत असताना सिनेमा बंद करणे. नळ. आणि यादी नव्याने लिहिणे. झालं ते झालं. आता तिला प्रत्येक शब्द ऐकू येणार. खरा पहिला श्रोता आता मिळणार!

२७ डिसेंबर.

नळ अजून व्हायचा आहे. यादी मात्र पूर्ण झाली, एकेचाळीस पानं. न बघितलेले सिनेमे बारा, पण एकतीस तारीख काही माझ्यासाठी थांबणार नाही. इंटरव्हलला आमंत्रण दिलं. त्याच्याकडे पाहुणे येणार आहेत. मालकांकडेही पाहुणे. मुलीला फोनवर ऐकवतो म्हणालो, तिथे रेंज नसते म्हणे. एका वेळी तिघांचीही अडचण, दैव म्हणतात ते हेच. बायकोला विचारलं. ती म्हणाली, बसते की. मला तेवढं पुरे आहे.

३१ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी ७.

पाचला सुरुवात केली. बायको समोरच्या खुर्चीत, मशीन कानात. आवाज नीट येतो का विचारलं, स्वच्छ येतो म्हणाली. दहावा क्रमांक वाचला. म्हणाली, तो? तो तर ठोकळा आहे. मला इतकं बरं वाटलं! कित्येक महिन्यांनी माझ्याशी भांडली. मी तिचं म्हणणं सविस्तर खोडून काढलं. पाच पानं झाली. मग नववा. पार्श्वभूमी दिली, शोकाचे प्रकार सांगितले, तिच्या त्या दिवशीच्या हसण्याचाही गौरवाने उल्लेख केला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

आठव्याला मी पान उलटलं, तेवढ्यात तिने हात केसांत घातला. मशीन काढलं. टेबलावरच्या डबीत ठेवलं, झाकण लावलं. मग खुर्ची पुढे घेतली, नीट बसली आणि माझ्या चेहऱ्यावर नजर लावून हसून मान हलवली. म्हणजे पुढे वाचा.

मी वाचलं. आठव्यापासून पहिल्यापर्यंत सगळं वाचलं. थांबलो की ती मान हलवत होती, एकदाही चुकली नाही. पहिल्या क्रमांकाला तर डोळेसुद्धा भरून आले तिचे. संपल्यावर माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, छान झाली हो यंदाची, आणि चहा टाकायला आत गेली.

बॅटरी संपली असणार, असं मला वाटलं. डबी उघडून मशीन कानाशी धरलं. स्वयंपाकघरात ती गुणगुणत होती. मशीनमधून लख्ख ऐकू आलं.