कपाटाच्या कुलपातली कुंभारीण

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दरवर्षी तुझ्या कपाटाच्या कुलपात कुंभारीण माशी चिखल भरते आणि तू तो विणायच्या सुईने कोरून काढतेस. यंदा सुईला हात लावायचा नाही. समोर खुर्ची टाकून बसायचं आणि दिसेल ते मला कळवायचं.

कारण सांगते. ही माशी बिळात अंडं घालते, पिलासाठी बेशुद्ध केलेल्या अळ्या भरते, दार लिंपते आणि कायमची निघून जाते, असं सगळी पुस्तकं म्हणतात. गेल्या वर्षी माझ्या अंगणात मी उलटंच पाहिलं. दार उघडं, आणि आई रोज एकेक अळी आणून पिलाला भरवतेय! माझ्या नव्या पुस्तकाचं सगळ्यात मोठं प्रकरण यावरच उभं आहे. पण आमच्या कीटक-अभ्यासक मंडळाच्या नियमाप्रमाणे नवी गोष्ट दोन ठिकाणी, दोन माणसांनी पाहिलेली असावी लागते. मार्चच्या सभेत दुसरा साक्षीदार उभा केला नाही, तर अध्यक्ष ते प्रकरण गाळायला लावतील. माशा टाचणीला टोचून अभ्यासायच्या असतात, जिवंत माशीमागे उन्हात हिंडणं हा रिकामटेकडेपणा आहे, असं ते मी संग्रहालयात कीटकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहायला लागले तेव्हापासून सांगताहेत. पुढे मी मंडळाची पहिली बाई सभासद झाले, तरी त्यांचं मत काही हललं नाही.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात यंदा थोडा धीरही घाल.

तुझी,
धाकटी


ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बाबा तुला माशा मारत बसते म्हणायचे. आता मीही बसते, फक्त मारायची परवानगी नाही. यांचे सगळे चांगले कोट त्या कपाटात अडकलेत. काल हे भाच्याच्या साखरपुड्याला माळीकामाच्या स्वेटरमध्ये जाऊन आले आणि वर सगळ्यांना सांगत सुटले की घरात शास्त्राचं काम चालू आहे.

आता मुद्द्याचं. माशी सोमवारी सकाळी आली. विजेरी लावून पाहिलं, अंडं आत टांगलेलं होतं. मग यांच्या कोबीवरच्या बारीक हिरव्या अळ्या आणून तिने संध्याकाळपर्यंत बीळ ठासून भरलं, दार लिंपलं आणि गेली. पुन्हा फिरकली नाही. रोज एकेक घास वगैरे काही नाही.

हे म्हणाले, जरा सांभाळून लिही, पोरीच्या आयुष्याचं काम आहे. मी म्हटलं, तीस वर्षं गणिताच्या वहीत कुणाला दयेचा अर्धा गुण दिला नाही, आता बहिणीपासून सुरुवात करू की काय? तुझं प्रकरण माझ्या साक्षीने उभं राहत नाही. वाईट वाटलं, पण पाहिलं ते लिहिलं.

जेवत जा वेळेवर. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
ताई


ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझ्याशी जन्मभर बोलायचं नाही असं ठरवलं. तो निश्चय दुपारच्या चहापर्यंत टिकला. मग पत्र पुन्हा वाचलं आणि एका शब्दाशी अडले. कोबी!

माझं अंगण म्हणजे दगड आणि वाळकं गवत. तिथे माशीला एक अळी सापडायला दिवस जातो. तुझ्याकडे मात्र भावोजींनी पंगत मांडून ठेवलीय. आई तीच, बाजार वेगळा. भरपूर मिळालं तर एका दिवसात भरून दार लावायचं, नाही मिळालं तर दार उघडं ठेवून मिळेल तसं भरवायचं. असं असेल तर ही माशी परिस्थिती पाहून वागते, आणि हे माझ्या जुन्या प्रकरणापेक्षा कितीतरी मोठं आहे. पण असं मला वाटतं, एवढंच. दिसलं पाहिजे.

तेव्हा कोबीवर मच्छरदाणी टाका. बाहेर राहिलेल्या अळ्या वेचून काढा. माशी पुन्हा कुठेतरी घर करेलच. तेव्हाही तिने एका दिवसात भरून लिंपलं, तर तसंच लिही. प्रकरण मी माझ्या हाताने फाडेन.

माया पातळ करू नकोस, साक्ष मुळीच नको.

तुझी,
धाकटी


ता. ७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या शास्त्राचा यांना आयुष्यात पहिल्यांदा फायदा झालाय. मच्छरदाणीखाली कोबी असा फुगलाय की शेजारी कुंपणावरून डोकावून जातात. हे शीळ घालत अळ्या वेचतात आणि स्वतःला तुझे सहायक म्हणवतात.

माशीने या खेपेला यांच्या टेबलाच्या खणाचं कुलूप निवडलं. यांचा चष्मा आत, त्यामुळे वर्तमानपत्र मी वाचून दाखवते. पहिल्या दिवशी अंडं आणि फक्त एक अळी. दार उघडं. दुसऱ्या दिवशी ती सकाळभर रिकामी आली आणि रिकामी गेली. मला उगाचच घास गिळवेना. अंड्यातून पिलू बाहेर आलं तरी दार उघडंच होतं. मग रोज एक अळी, एकदा दोन. आठवडाभराने पिलू चांगलं गुबगुबीत झालं, तेव्हा तिने शेवटची अळी आत ढकलली आणि दार लिंपलं. हे सगळं मी पाहिलं, यांनीही पाहिलं, पण चष्म्याशिवाय. म्हणून त्यांची साक्ष धरू नकोस.

सभेत घाईघाईने बोलू नकोस. आशीर्वाद नेहमीचेच, यंदा जरा जास्त.

तुझी,
ताई


ता. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभा काल झाली. मी तुझी मार्चची साक्ष वाचली आणि अध्यक्षांनी लगेच विचारलं की साक्षीदार तुमची कोण. मी म्हटलं, सख्खी बहीण. मागच्या बाकांवर हसू पिकलं. ते म्हणाले, घरचा साक्षीदार घरच्यासारखंच बोलणार.

मी पिशवीतून तुझं फेब्रुवारीचं पत्र काढलं आणि अर्ध्या गुणासकट सगळं मोठ्याने वाचलं. माझं प्रकरण तुझ्या साक्षीने उभं राहत नाही, या वाक्याशी थांबले. हसू बंद. अध्यक्षांनी पत्र मागून घेतलं, स्वतः वाचलं आणि म्हणाले की ही बाई मंडळात असती तर आमचे निम्मे निबंध छापलेच गेले नसते. मग मंजुरीसाठी पहिला हात त्यांनीच वर केला.

प्रकरण नव्याने लिहिलं. तुझा कोबी आणि माझे दगड, दोन्ही त्यात आहेत. आजवर माझ्या प्रत्येक पानावर माझं एकटीचं नाव होतं. या प्रकरणावर दोघींची आहेत, आणि तुझं आधी. नको म्हणून लिहायला बसू नकोस. पानं सकाळीच छापखान्यात गेली.

तुझ्या धाकाखाली आणि लोभाखाली कायमची,
धाकटी