तुझा खोकला बाहेर जाऊ नये म्हणून

आई, गेल्या आठवड्यात शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत, आमच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये, शेजारी बसणारी मुलगी रुमालात तोंड खुपसून खोकत होती. एसीसाठी तिथल्या काचा कायम बंद. मी तिला बाहेर नेलं, तर हात जोडून म्हणाली, "ताई, साहेबांना सांगू नका, कामावरून काढतील." मी तिला दवाखान्यात नेलं, थुंकी तपासायला द्यायला लावली. रिपोर्ट अजून आलेला नाही. परतताना बसमध्ये मला सारखी तूच दिसत राहिलीस.

छावणी भागातली आपली ती एकच खोली. तू मशीनवर ब्लाउज शिवतेस, मधेच थांबतेस, पदर तोंडाला लावतेस. टीबी निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि खिडकी उघडी ठेवायची. हवा खेळती पाहिजे, घरात लहान लेकरू आहे." लेकरू म्हणजे आपली धाकटी, सात वर्षांची. पण खिडकी गल्लीत उघडायची, आणि समोरच्या काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलेलं. तुझा खोकला त्यांच्या ओट्यापर्यंत जायचा. दुपारी तू पडलीस की मी हळूच खिडकी लावून कडी घालायचे. तू जागी व्हायचीस. "उघड की गं ती. लई गुदमरायलंय." मी म्हणायचे, "धूळ येतीय." धाकटी तिथंच तुझ्या पायाशी अभ्यास करत बसलेली असायची.

स्थळ आलं तसं गेलं. काही महिन्यांनी धाकटीला रोज संध्याकाळी ताप यायला लागला. तिलाही टीबी निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझं औषध सुरू व्हायच्या आधीच लागण झाली असेल, नेमकं कुणीच सांगू शकत नाही. तू ऐकलं नाहीस. "माझ्यामुळंच लागलं लेकराला," एवढंच म्हणत राहिलीस. मी शेजारीच उभी होते, हातात धाकटीच्या गोळ्यांचं पाकीट. खिडकीचं नाव काढलं नाही.

दोघीही बऱ्या झालात. आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही, हे तुला किती वेळा सांगितलं. तरी तू ताट वेगळं ठेवलंस, अंथरूण दाराशी टाकलंस. धाकटी गळ्यात पडायला आली की हातानं लांब सारायचीस, "तिकडं बस, बाई." दहावी पास झाल्यावर ती पेढा भरवायला आली, तर तो बशीत ठेवायला लावलास. तिच्या लग्नात अक्षतासुद्धा मागं उभी राहून टाकल्यास. पुढच्याच वर्षी छातीत कळ येऊन गेलीस.

परवा धाकटी आली होती. लेकीला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होती. सहज विचारल्यासारखं म्हणाली, "ताई, आईचा माझ्यावर कशाचा राग होता गं?"

मी म्हणाले, "राग नाय गं, स्वभावच तसा होता तिचा."

म्हणजे मी पुन्हा तुझ्यावरच ढकललं, आई. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुला लिहिलं, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस.