माझे क्लॅरिनेट दिपमालाच्या नावे

मी, धनसिंग नथ्थू भामरे, राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे, धंदा शेती आणि लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी कधीच बिघडली नव्हती. बिघडले होते हृदय, आणि तेही आता ठणठणीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शंका असेल त्याने तो दोनदा वाचावा.

१. राहते घर आणि कोरडवाहू शेत माझ्यामागे पत्नी प्रमिलाबाईचे. तिला कोणी घराबाहेर काढू नये. तशी हिंमत कोणात नाहीच.

२. क्लॅरिनेट आणि बँडमधली माझी सर्वांत पुढची जागा मुलगी दिपमाला हिला. बँड चालवणारा धाकटा भाऊ नवल याला हे झोंबेल, म्हणून कारण लिहितो. मला मलेरिया झाला. ताप उतरला, पण वाजवताना सूर मध्येच तुटू लागला. नवल म्हणाला, "भाऊ, आते तुना दम सरना. कोट दी टाक." माझा बँडचा लाल कोट त्याने दुसऱ्याच्या अंगावर चढवलाही. सगळे म्हणाले, वय झाले. दिपमाला एकटी म्हणाली, "हाई वयनं काम नही, आबा. छातीमा काहीतरी शे." तिने मला ओढत धुळ्याला नेले. मलेरियाने हृदयाला सूज आली होती, पंपिंग निम्म्यावर आले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी एक लग्न वाजवले असते तर वरातीतच आडवे झाला असता.

फुंकायची बंदी होती तेव्हा वाद्य पडून खराब होऊ नये म्हणून ती वाजवू लागली. मी खाटेवरून चुका काढायचो. पुढे काढायला चुकाच उरल्या नाहीत, याचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

यंदा भडगावला आम्ही बापलेकीने एकत्र वाजवले. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला, वऱ्हाड मांडवात जाईना. मलेरिया हरला, हे मी छाती ठोकून लिहितो.

३. लाल कोट मी परत मिळवला आहे. तो नवलला. ढगळ होईल, होऊ दे.

ता. क. साक्षीची सही करण्याआधी नवलने हे सगळे वाचले. मग म्हणाला, "मरानी वाट कशाले देखस, भाऊ? पोरले आजच पुढे उभी कर. मी तिना मांगे वाजाडसू." म्हणून कलम दोन आजपासूनच लागू. बाकीच्या कलमांसाठी थांबावे लागेल. मला घाई नाही.

साक्षीदार:
१) डॉ. ज्ञानेश्वर सोनवणे (सही)
२) नवल नथ्थू भामरे (सही)

लिहून ठेवणार: धनसिंग नथ्थू भामरे (सही)
शिंदखेडा, १२ मे २०२५