पुदिन्याच्या चहाचा तंबू

ओकलंड, ४ जून २०१८

चि. वर्ना हिस अनेक आशीर्वाद.

यंदा मी वाळवंटातल्या उत्सवाला येणार नाही. बावीस वर्षं आपण बहीणभावांनी तिथे पुदिन्याचा चहा फुकट पाजला, आता पुरे! काही विकायचं नाही, नुसतं द्यायचं, एवढा एकच तर नियम होता. आणि गेल्या वर्षी शेजारच्या एसी तंबूतल्या त्या गृहस्थाने चहा पिऊन माझ्या हातात बक्षिसी कोंबली. मला! तंबूभोवती बाहेरच्यांना अडवायला दोरी, दिमतीला आचारी, नि म्हणे मुक्त माणसं. आपला तंबू मोडीत काढ.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुझा दादा, ऑरिन

रेनो, १९ जून

ती. दादास सा. न.

मोडीत काढ म्हणे! तंबू काय तुझ्या एकट्याचा आहे? एक वर्ष चुकलं की आपली जागा दुसऱ्याला जाते. तुझी कुरकुर तर जुनीच. पूर्वी म्हणायचास, मोटारी फार झाल्या. मी एकटी जाते. नाहीच झेपलं तर जागा सोडून येईन. तुझ्या परसातला पुदिना तेवढा पाठव.

माया पातळ करू नकोस.

वर्ना

रेनो, ६ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

दादा, माझीच मला लाज वाटतेय. उत्सवात गेल्या आठवड्यातल्या बुधवारी भर दुपारी धुळीचं वादळ उठलं. शेजारच्या त्याच एसी तंबूचं नाव छापलेला सदरा घातलेली एक बाई आत शिरली, चहा मागू लागली. मी तुझीच बहीण! म्हटलं, तुमच्याकडे बर्फाच्या पेट्या भरल्यात, तिकडेच प्या. ती म्हणाली की ती तिथली स्वयंपाकीण, दोरीच्या आत बसायची तिला परवानगी नाही. आणि निघाली की तशीच वादळात! मी दुखऱ्या गुडघ्याने लंगडत मागे धावले, दंडाला धरून आणलं, माफी मागितली. तीन कप प्यायली बिचारी. मारिसोल तिचं नाव. मग रोज येऊन, नको नको म्हणताना माझे कप विसळायची.

बावीस वर्षांत आपण कुणाला परत धाडलं नव्हतं रे. उत्सव बिघडला असेल, पण त्या दिवशी बिघडवला मीच. पुन्हा एकटीने नाही जमणार. जागेचं महिनाअखेर कळवायचंय. काय कळवू?

लोभ ठेव, निदान या खेपेला तरी.

वर्ना

ओकलंड, १२ सप्टेंबर

चि. वर्ना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून घरात येरझारा घालतोय. उत्सव बिघडलाय हे माझं मत कायम आहे, वाद घालू नकोस. जागा सोडू नकोस. रविवारी येतो, तंबूचं छत शिवायला झालंय. दोरीबाहेरच्या मंडळींसाठी खुर्च्याही वाढवू.

मारिसोलला साखर किती लागते, तेवढं कळव.

ऑरिन