खाणीतलं माणिक, भट्टीतलं माणिक

धुळे, नोव्हेंबर १९९६

सर, इतकी वर्षं तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा मागते. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही, आणि तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेलाही मी आले नाही. राग होता. आहे.

जळगावच्या कॉलेजातला तो तास मला अजून दिसतो. भिंगाखाली दोन माणकं आहेत, एक खाणीतलं, एक भट्टीत तयार केलेलं. "खाणीतल्यात मळ, भट्टीतल्यात बुडबुडे. एरवी पदार्थ एकच," तुम्ही सांगताय. मागून कुणीतरी हिऱ्याचं विचारतं. "तोही यंत्रात होतो, कारखान्यांत कापायला वापरतात. कार्बन तो कार्बन. जन्म कुठे झाला ते त्याला विचारू नका." आम्ही हसलो होतो. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

त्या वहीच्या जोरावर मी त्र्याऐंशी साली आईला थांबवलं. वडिलांना हृदयाचा त्रास, ज्योतिषाने माणिक सांगितलेलं, आणि ती खाणीतल्या खड्यासाठी पाटल्या मोडायला निघालेली. भट्टीतलं घे, म्हटलं, सर सांगतात एकच आहे. तिने घेतलं. चार महिन्यांत वडील गेले. आमच्या गावी, सावद्यात, सगळे म्हणू लागले, पोरीनं खोटा खडा घालायला लावला. आई त्यानंतर माझ्याशी बोलते ती कामापुरती. अजूनही.

म्हणून माझ्या काकांना घेऊन तुमच्या घरी आले होते. तुमच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं, आईपर्यंत पोचवायला. तुमच्या पत्नींनी चहा आणला. कप घ्यायला तुम्ही हात पुढे केलात, आणि बोटात लाल खडा.

"मास्तर, हा कोनता? खानीतला ना?" काकांनी विचारलं.

"हो. घरच्यांचं समाधान."

"मंग मशीनचा गुन देते का, ते सांगा."

तुम्ही कप खाली ठेवलात. "श्रद्धेची गोष्ट वेगळी असते."

जिन्यातच काका म्हणाले, "पाह्यलं ना बाई? तुले मशीनचा, सोताले खानीतला!"

हे सगळं मी तुमच्या नावावर ठेवून दिलं. पण कुठल्याच खड्याने हृदय बरं होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आईला मी ते सांगितलं नाही. "एकच आहे" एवढंच म्हणाले. हाही गुण देईल, असं ती समजली, आणि मी तिला समजू दिलं, वाद टळला. तुमच्यावरचा राग मात्र तसाच आहे, सर. हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील.

उद्या: सावद्याला जाऊन आईला सांगणे.